घरचा राउटर आपल्या ताब्यात घेताना

‘ओपनडब्ल्यूआरटी टाकू की पीएफसेन्स?’ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुमच्या घरात इंटरनेट येतं कसं? पुष्कळांना ते सांगता येत नाही. फायबरवाला डबा बसवून गेला, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला, एवढंच आठवतं. सॉफ्टवेअर कोणतं, हा या कामातला शेवटचा प्रश्न आहे. आधी लाइन, मग यंत्र, मग ते सांभाळणारं माणूस. या तिन्हींची उत्तरं मिळाली की निवडायला फारसं काही उरत नाही.

त्याच्याही आधी, हे करायचं कशासाठी ते ठरवा. आतल्या खोलीत रेंज मिळत नाही म्हणून फायरवॉल बसवायला निघाला असाल तर थांबा. तिथे एक जादा ॲक्सेस पॉइंट आणि त्याच्यापर्यंत ओढलेली केबल पुरते. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा खरा उपयोग वेगळा आहे. बाजारातल्या स्वस्त राउटरला कंपनीकडून काही वर्षं अपडेट मिळतात, पुढे मिळत नाहीत, आणि यंत्र मात्र चालूच राहतं. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५४ देशांत किमान पाच लाख राउटर आणि तत्सम यंत्रं पोखरली होती. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१७ मध्ये, आपल्याकडे बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमवर हल्ला झाला. कारखान्यातून आलेला पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता ते सापडले, आणि ‘पासवर्ड बदला’ असं कंपनीला जाहीरपणे सांगावं लागलं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही अपडेट थांबलेल्या जुन्या राउटरबद्दल इशारा दिला. ज्या राउटरवर ओपन सोर्स फर्मवेअर चालतं, त्याचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर राहत नाही. मात्र अपडेट करायचं काम मग तुमच्याकडे येतं, हेही त्यातच आलं.

लाइन

भारतातल्या फायबरच्या घरी भिंतीवर एक ओएनटी असतो. काचेच्या तारेतला प्रकाश तिथे इथरनेटमध्ये बदलतो. हल्ली बहुतेक कंपन्या ओएनटी आणि वायफाय राउटर एकाच डब्यात देतात, आणि आपला राउटर त्याच्या मागे लावायचा म्हटलं की पहिली गाठ इथेच पडते. दोन वाटा असतात. एक, कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये घालून घ्यायचा, म्हणजे तो फक्त तार बदलतो आणि लॉगिन वगैरे सगळं आपला राउटर करतो. दुसरी, डबा जसा आहे तसा ठेवून त्याच्या लॅन पोर्टला आपला राउटर जोडायचा.

ब्रिज मोड मिळत असेल तर घ्यावा. काही कंपन्या एका फोनवर करून देतात, काही साफ नाही म्हणतात. मागण्याआधी चार गोष्टी विचारून लिहून ठेवा: लॉगिन पीपीपीओईने होतं की नुसतं डीएचसीपीने, पीपीपीओई असेल तर त्याचं नाव आणि पासवर्ड, व्हीएलएएनचा क्रमांक लागतो का, आणि मॅक पत्ता बांधलेला आहे का. गल्लीतल्या केबलवाल्याकडून कनेक्शन असेल तर मॅक बांधलेला असण्याची शक्यता बरीच. अशा वेळी जुन्या राउटरचा मॅक नव्यात टाकला की काम होतं, आणि सगळ्या ओपन सोर्स राउटरांत तशी सोय असते. लँडलाइनचा फोन किंवा टीव्हीचा बॉक्स त्याच डब्यातून चालत असेल तर ब्रिज केल्यावर तो चालेल का, हे आधीच विचारा. आईबाबांचा लँडलाइन बंद पडला तर तुमच्या फायरवॉलचं कौतुक घरात कोणी करणार नाही.

ब्रिज नाही मिळाला तरी हात टेकायचं कारण नाही. दुहेरी नॅट होतं, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोन ठिकाणी होते, पण ब्राउझिंग, व्हिडिओ, ऑफिसचा व्हीपीएन यांना त्याने फरक पडत नाही. एक गोष्ट मात्र सांभाळा. कंपनीच्या डब्याचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो आणि ओपनडब्ल्यूआरटीचाही मूळ पत्ता तोच. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क आलं की राउटरला कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं ते कळत नाही, आणि नवशिका माणूस संध्याकाळभर केबल बदलत बसतो. आपल्या बाजूचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करून घ्या, मगच तार जोडा.

बाहेरून घरात शिरायचं असेल, समजा न्यू जर्सीतल्या मुलीला पुण्यातल्या आईवडिलांचा प्रिंटर दुरुस्त करायचा आहे, तर आणखी एक तपासणी हवी. राउटरच्या वॅन बाजूला मिळालेला आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीएनएटीच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक घरांत वाटला आहे. मग कितीही भारी सॉफ्टवेअर टाकलं तरी आयपीव्ही४ वरून पोर्ट उघडता येणार नाही. स्थिर पत्ता विकत घेणं, आयपीव्ही६ वापरणं किंवा टेलस्केलसारखी आतून बाहेर जोडणी करणारी सेवा घेणं, हेच पर्याय राहतात.

ओपनडब्ल्यूआरटी

माझं मत आधीच सांगून टाकतो: आपल्याकडच्या दहातल्या आठ घरांनी ओपनडब्ल्यूआरटीच निवडावं, आणि बाकीचं पुढे गरज पडली तर पाहावं.

याचा जन्म गमतीदार आहे. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स वापरलेलं आहे हे २००३ मध्ये हौशी मंडळींच्या लक्षात आलं. लिनक्सचा परवाना जीपीएल, म्हणजे राउटर विकणाऱ्याला सोर्स कोडही देणं भाग. कंपनीने तो दिला, आणि २००४ च्या जानेवारीत त्यावर ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं ‘डब्ल्यूआरटी’ त्या राउटरचंच. २०१६ मध्ये प्रकल्पात फूट पडून एलईडीई नावाने वेगळी चूल मांडली गेली, २०१८ च्या जानेवारीत दोघे पुन्हा एकत्र आले. घरच्या राउटरवर चालणारा इतका जुना आणि अजून नेटाने चालू असलेला दुसरा प्रकल्प मला माहीत नाही.

यंत्र निवडताना दुकानात जायच्या आधी प्रकल्पाची यंत्रयादी पाहा. मॉडेलचं नाव पुरत नाही, खालच्या स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्ती महत्त्वाची. टीपी-लिंक आर्चर सी६ चं उदाहरण घ्या. व्ही२ मध्ये क्वालकॉमची चिप, व्ही३ मध्ये मीडियाटेकची. खोक्यावरचं नाव तेच, पण टाकायची फाइल वेगळी. चुकीची फाइल टाकली तर राउटर वीट होतो, म्हणजे दिवे लागतात आणि काही चालत नाही. ऑनलाइन मागवताना कुठली आवृत्ती येईल ते विक्रेता सांगत नाही, म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली गाठून स्टिकर डोळ्यांनी बघून घेणं मला जास्त सोयीचं वाटतं.

मेमरी पाहा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमची जुनी यंत्रं प्रकल्पाने केव्हाच सोडून दिली. ८ आणि ६४ वाली कशीबशी चालतात, एखादं जादा पॅकेज टाकलं की गुदमरतात. निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असावी, नवं घेत असाल तर त्याच्या दुप्पट. चिप मीडियाटेकची किंवा क्वालकॉमची घ्या. ब्रॉडकॉमच्या वायफायला चांगले खुले ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे तिथे ओपनडब्ल्यूआरटी बसलंच तरी वायफाय लंगडतं. अशा राउटरसाठी फ्रेशटोमॅटो किंवा डीडी-डब्ल्यूआरटी आहेत; हाताशी जुना ब्रॉडकॉमवाला राउटर असेल तर वापरा, पण त्यासाठी नवा घेऊ नका. २०२४ च्या अखेरीस खुद्द प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी आणि बनाना पायच्या साथीने ओपनडब्ल्यूआरटी वन नावाचा राउटर आणला. १ जीबी रॅम, एक अडीच गिगाबिट आणि एक गिगाबिट पोर्ट, पेटीसकट ८९ डॉलर. विशेष म्हणजे तो सहसा वीट होत नाही: दुसऱ्या फ्लॅश चिपवर सुटकेची प्रत वेगळी ठेवलेली आहे. भारतात मागवताना वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर वायफाय दिसत नाही म्हणून घाबरू नका. ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं आणि रूटला पासवर्डही नसतो. केबलने लॅपटॉप जोडायचा, ब्राउझरमध्ये ल्युसीचं, म्हणजे सेटिंगचं, पान उघडायचं, आधी पासवर्ड, मग देश ‘भारत’ निवडून वायफाय चालू.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी ओपनडब्ल्यूआरटीची शिफारस करतो, तिच्याबद्दल जरा सविस्तर. घरातला एकजण फोनमधले फोटो क्लाउडवर चढवतोय आणि दुसऱ्याची झूमवरची मुलाखत अडखळतेय, हा अनुभव शंभर एमबीपीएसच्या लाइनवरही येतो, आणि लोक कंपनीला फोन करून स्पीड वाढवून घेतात. दोष बहुतेक वेळा स्पीडचा नसतो. राउटर आणि मोडेममध्ये पॅकेटांसाठी मोठाले बफर असतात. अपलोडने ते भरले की आवाजाचं चिमुकलं पॅकेटसुद्धा त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभं राहतं, आणि विलंब वीस मिलिसेकंदांवरून कित्येक शेकड्यांवर जातो. जिम गेटिस यांनी याला ‘बफरब्लोट’ नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल हा त्यावरचा उपाय मांडला, आणि डेव्ह टाट या हट्टी माणसाने तो घराघरातल्या राउटरपर्यंत नेण्यासाठी वर्षानुवर्षं डोकेफोड केली. त्याचं पुढचं रूप म्हणजे केक, २०१८ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे.

ओपनडब्ल्यूआरटीत ही रांग सांभाळणारं एसक्यूएमचं पॅकेज टाकायचं, वॅनचा इंटरफेस निवडायचा, रांगेचा प्रकार केक ठेवायचा आणि वेगाच्या चौकटींत मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरायचा. १०० चा प्लॅन असेल आणि चाचणीत ९४ येत असतील तर ८५ पासून सुरुवात करून वर सरकावं. वेग जरासा सोडायचा, म्हणजे रांग कंपनीच्या उपकरणात न साचता आपल्या राउटरात साचते, जिथे आपण तिला वळण लावू शकतो. हे काम प्रोसेसर स्वतः करतो, त्यामुळे हार्डवेअर ऑफलोडिंग आणि एसक्यूएम एकत्र चालत नाहीत. ऑफलोडिंग बंद करा. एमटी७६२१ सारख्या जुन्या चिपला गिगाबिट लाइनवर केक झेपत नाही. मात्र गिगाबिट लाइन सहसा तुंबतही नाही, हा त्यातला दिलासा.

पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स

हे दुसरं घराणं. इथे राउटर म्हणजे दोन किंवा चार इथरनेट पोर्टचा छोटा संगणक आणि पाया लिनक्सचा नसून फ्रीबीएसडीचा. मूळपुरुष मोनोवॉल: मॅन्युएल कॅस्पर यांनी २००३ मध्ये काढला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये स्वतःच आवरता घेतला. २००४ मध्ये त्यातून पीएफसेन्स फुटलं, २०१५ च्या जानेवारीत पीएफसेन्समधून ओपीएनसेन्स. पहिल्याच्या मागे अमेरिकेतली नेटगेट, दुसऱ्याच्या मागे नेदरलँड्समधली डेसिसो.

दोघांत वैर आहे. ओपीएनसेन्सच्या नावाचं एक डोमेन नेटगेटकडे होतं आणि त्यावर प्रतिस्पर्ध्याची टिंगल चाले. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या पॅनेलने २०१७ मध्ये ते डेसिसोला द्यायला लावलं. भांडणात पडायचं कारण नाही, पण एक फरक कामाचा आहे. नेटगेटने २०२१ मध्ये पीएफसेन्स प्लस ही पूर्ण खुली नसलेली शाखा काढली, आणि घरगुती वापरासाठी दिलेला तिचा मोफत परवाना २०२३ मध्ये बंद केला. खुली कम्युनिटी आवृत्ती चालू आहे, तिचे अपडेट मात्र सावकाश येतात. ओपीएनसेन्स दर जानेवारी आणि जुलैत मोठी आवृत्ती काढतं, मधल्या काळात दर काही आठवड्यांनी छोट्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ओपीएनसेन्स सुचवीन. ज्याला ऑफिसात पीएफसेन्सची सवय आहे त्याने घरीही तेच ठेवावं. इतका मोठा फरक नाही की सवय मोडावी.

हे घराणं कोणासाठी? घरातून व्यवसाय चालतो, दोन कंपन्यांच्या लाइन आहेत आणि एक पडली की दुसरीवर आपोआप जायचं आहे, किंवा पाच-सहा वेगळी नेटवर्कं सांभाळायची आहेत. नियम लिहिण्याची आणि नोंदी वाचण्याची इथली सोय ओपनडब्ल्यूआरटीपेक्षा खूपच नीटस आहे. वायफाय मात्र यांच्याकडून करून घेऊ नका, फ्रीबीएसडीचा तो हात लंगडा आहे. वेगळा ॲक्सेस पॉइंट लागेल, आणि त्यासाठी जुना राउटर ओपनडब्ल्यूआरटी टाकून उत्तम चालतो.

यंत्र घेताना इंटेलची नेटवर्क चिप असलेलंच घ्या. रियलटेक फ्रीबीएसडीवर चालते, पण तक्रारी ऐकू येतात. २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन१०० प्रोसेसरचे चार पोर्टवाले मिनी पीसी यासाठी पुष्कळ वापरले जातात. ८ जीबी रॅम भरपूर झाली. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढून त्यात जादा कार्ड टाकायचा मोह होतो. शिकायला ठीक. पण राउटर चोवीस तास चालतो, हे विसरू नका. ६० वॉटचा डेस्कटॉप वर्षाला सुमारे ५२५ युनिट खातो, १० वॉटचा मिनी पीसी ८८. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला चार हजारांहून जास्त फरक. शिवाय लोडशेडिंगच्या गावात राउटरच्या छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर डेस्कटॉप चालणार नाही.

आपल्याकडे पीपीपीओई सर्रास असल्यामुळे आणखी एक अडचण. फ्रीबीएसडीवर पीपीपीओईची येणारी सगळी पॅकेटं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडत, आणि गिगाबिटच्या जवळ गेलं की बिचारा कोअर दमून जाई. पीएफसेन्सच्या २०२५ मधल्या २.८ आवृत्तीत यासाठी नवा ड्रायव्हर आला आहे. तीनशे एमबीपीएसपर्यंतच्या लाइनला हा प्रश्न जाणवतही नाही. केक फ्रीबीएसडीवर नाही. तिथे एफक्यू-कोडेलवर भागवावं लागतं, आणि ते भागतं.

या दोघांखेरीज आणखीही पर्याय आहेत. आयपीफायर हा जर्मन वळणाचा लिनक्स फायरवॉल आहे, लाल म्हणजे बाहेर, हिरवं म्हणजे घर, निळं म्हणजे वायफाय अशा रंगांनी नेटवर्क वेगळी करतो. साधा आणि नेटका. व्हायओएस कमांड लाइनवर प्रेम असणाऱ्यांसाठी. प्रॉक्समॉक्सवर आभासी यंत्रात राउटर चालवणारेही भेटतात. त्यात घरातला सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळ्यांचं इंटरनेट जातं. एकट्या राहणाऱ्याने खुशाल करावं.

बसवल्यावर

मूळ नियम चांगले असतात, त्यांना हात लावायची घाई करू नका. बाहेरून आत काही नाही, आतून बाहेर सगळं, हे यांतल्या बहुतेकांत आधीच ठरलेलं आहे. बिघाड बहुतेक वेळा आपण घालतो. सीसीटीव्हीवाला येतो आणि ‘साहेब, मोबाइलवर दिसायला पोर्ट उघडावा लागेल’ म्हणतो. उघडू नका. डीव्हीआरचं सॉफ्टवेअर राउटरपेक्षाही दुर्लक्षित असतं. बाहेरून कॅमेरे पाहायचे असतील तर राउटरवर वायरगार्ड हा व्हीपीएन बसवा आणि फोनवरून त्यातून आत या.

आयपीव्ही६ बंद करण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. भारतात आयपीव्ही६ चा वापर जगात आघाडीवर आहे, ते बंद करणं म्हणजे सीजीएनएटीच्या गर्दीत स्वतःहून जाऊन उभं राहणं. फक्त लक्षात ठेवा की तिथे नॅटचा आडोसा नाही, प्रत्येक फोनला स्वतःचा जगभर दिसणारा पत्ता मिळतो, म्हणून बाहेरून येणाऱ्याला अडवणारा नियम जागेवर आहे ना ते पाहा. कंपनीचा डबा मधे राहिला असेल तर आयपीव्ही६ चा गट पुष्कळदा पुढे सरकत नाही. ओपनडब्ल्यूआरटीत त्यासाठी रिले मोड आहे.

कॅमेरे, स्मार्ट टीव्ही, वायफायचे दिवे यांना पाहुण्यांसारखं वेगळं वायफाय द्या, ज्यातून इंटरनेट मिळेल पण घरच्या लॅपटॉपपर्यंत पोचता येणार नाही. पूर्ण यादीतून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. सुरिकाटासारखी घुसखोरी शोधणारी सोय मात्र घरी मी टाकणार नाही. वाहतूक जवळजवळ सगळी एन्क्रिप्ट झालेली, त्यात तिला दिसतं थोडं, प्रोसेसर खाते बराच, आणि खोट्या इशाऱ्यांनी माणूस आठवड्याभरात नोंदी बघणंच सोडतो. जाहिराती अडवायला ॲडगार्ड होम किंवा राउटरचं स्वतःचं ॲडब्लॉक पॅकेज पुरे. एखाद्या बँकेचं पान किंवा पेमेंटचं ॲप त्याने अडलं तर घरच्यांना ते बंद कसं करायचं हे दाखवून ठेवा.

सांभाळणारं माणूस कोण, हा प्रश्न इथे येतो. तुम्ही परगावी असताना राउटर अडला तर? कंपनीचा डबा ब्रिजमध्ये असेल तर घरातल्या कोणाला काही करता येणार नाही, म्हणून एखादा जुना साधा राउटर पीपीपीओईची माहिती भरून, नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. केबल कुठली काढायची आणि कुठे लावायची, एवढं त्यावर मराठीत लिहा.

अपडेट रविवारी सकाळी करा, सोमवारच्या मीटिंगच्या आदल्या रात्री नको. ओपनडब्ल्यूआरटीत एकेक पॅकेज अपग्रेड करत बसू नका, अख्खी नवी प्रतिमाच टाका. अटेंडेड सिसअपग्रेडची सोय तुमची पॅकेजं धरून ती बनवून देते. त्याआधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप उतरवून लॅपटॉपवर घ्या. त्या फाइलमध्ये पीपीपीओईचा आणि वायफायचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, तेव्हा मदत मागताना ती जशीच्या तशी कोणाला पाठवू नका.